ट्रेलर मागे हेलकावे खातो : पिकअप कमी पडतेय का?

मुक्तवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज स्वतःची अडचण घेऊन आलोय.

आमची चार दारांची पेट्रोल पिकअप आहे. माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ४१०० किलो लिहिली आहे. यंदा दोन ॲक्सलचा, राहण्याची सोय असलेला ट्रेलर घेतला. रिकामा २३०० किलो, भरून जास्तीत जास्त ३२०० किलो चालतो. आमचा भरलेला २८०० च्या आसपास असावा. म्हणजे क्षमतेच्या बराच आत. गाडीत आम्ही दोघं आणि दोन मुलं.

पहिल्याच लांबच्या प्रवासात ताशी ८० पर्यंत सगळं छान होतं. ९५-१०० च्या पुढे गेलो की ट्रेलर मागे डावी-उजवीकडे हलायला लागायचा. शेजारून मोठा ट्रक गेला की आधी बाहेर ढकलले जायचो, लगेच आत ओढले जायचो, आणि त्यानंतर चार-पाच हेलकावे. शेवटच्या दिवशी एका उतारावर ते थांबायलाच तयार नव्हते. बायकोने एका हाताने दारावरची मूठ घट्ट धरली होती आणि दुसरा हात मागे नेऊन धाकट्याच्या गुडघ्यावर ठेवला होता. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

माझे प्रश्न : गाडी लहान पडतेय का? मोठी घ्यावी का? आणि हेलकावे रोखायला घर्षणाची दांडी मिळते, ती बसवली तर भागेल का?

नवशिका

मीही पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच ट्रेलर जोडणार आहे. वाचतोय.

आसभार

मुक्तवाट, सगळे सुखरूप पोचलात हे पहिलं चांगलं झालं. गाडी बदलायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आधी एवढं सांगा :

ट्रेलरची पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, आणि ती भरलेली होती का? ट्रेलरच्या मागच्या टोकाला काही टांगलं होतं का? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर प्रवासी आणि सामान मिळून किती किलो लिहिलंय? आणि हिचवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायच्या जोडावर, जो स्टिकर आहे त्यावर काय आकडे आहेत?

मुक्तवाट

टाकी १५० लिटरची, मागच्या पलंगाखाली, म्हणजे ॲक्सलच्या मागे. काठोकाठ भरली होती. मागच्या बंपरवर चार सायकली आणि त्यांचा स्टँड, मिळून ८० किलो तरी होतील.

दारावर ६८० किलो. हिचवर दोन आकडे आहेत : २२७ आणि ४५०. मला वाटलं एक जुना असेल. जोडावरचं वजन पुढच्या चाकांवरही वाटून देणारी, स्प्रिंगच्या बारची हिच आमच्याकडे आहे. बार लावतो, पण साखळीची कितवी कडी अडकवायची हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून जी सहज बसेल ती लावली.

लोहारकी

टाकी मागे, सायकली मागे. गाडी उलार झाली हो तुमची.

ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. ओझं आसाच्या मागे गेलं की जू वर उचलतं आणि बैलांच्या हातात काही राहत नाही. ट्रेलरचंही तेच. हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलरचं तोंड ज्या गोळ्यावर बसतं त्यावर, पुरेसा भार हवा. बॉलवर ओढणाऱ्या ट्रेलरसाठी तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात. गूजनेक किंवा फिफ्थ व्हील असेल, म्हणजे जोड पिकअपच्या हौद्यात असेल, तर १५ ते २५ टक्के. ही टक्केवारी खाली गेली की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. इंजिन कितीही ताकदीचं असो, त्याचा इथे संबंध नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण तो मी कधीच विसरणार नाही. यंत्राचे भाग घेऊन चाललो होतो. भरताना घाई झाली आणि जड पेटी मागच्या दाराशी राहिली. लांब उतारावर वेग आपोआप १०० च्या वर गेला आणि आरशात ट्रेलरचा डावा कोपरा दिसला, मग उजवा, मग पुन्हा डावा. प्रत्येक वेळी थोडा जास्त. पाय ब्रेककडे जात होता, तो मी ओढून मागे घेतला. ॲक्सिलरेटर सोडला, स्टीअरिंग सरळ धरलं आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी बोटाने सरकवली, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले. पाठीमागून कोणीतरी शेपूट धरून ताणावं तसा ट्रेलर सरळ झाला. बाजूला थांबल्यावर दहा मिनिटं मला पाना धरता येत नव्हता.

गाडीचा ब्रेक दाबला असता तर गाडी हळू झाली असती आणि मागचं वजन तिला ढकलत आडवं झालं असतं. हेलकाव्याच्या उलट स्टीअरिंग फिरवलं तरी बहुतेकदा हेलकावा वाढतोच, कारण आपला हात अर्धा क्षण उशिरा पोचतो.

तुरंगी

लोहारकी दादा, वाचताना हात गार पडले. मी घोड्यांचा ट्रेलर ओढते. आमचं सामान उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकतं, त्यामुळे हे दरवेळी मनात असतं. एकच घोडा न्यायचा असेल आणि ट्रेलरमध्ये पुढे-मागे जागा असेल तर तो कुठे उभा करायचा, याने सगळा फरक पडतो.

आमच्याकडे निघण्याआधी कंट्रोलरची ती पट्टी डोळे मिटून सापडते का, हे प्रत्येक चालकाने करून दाखवायचं असतं. हेलकावा सुरू झाल्यावर शोधायची ती वस्तू नाही.

आसभार

आता मुक्तवाट यांचे आकडे मांडतो.

माहितीपत्रकातला ४१०० हा आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे ते बघा. ओढण्याची क्षमता कशी मोजायची याचं एसएई जे २८०७ नावाचं मानक आहे, २००८ मध्ये आलं. टोयोटाने २०११ च्या टुंड्राला ते सर्वांत आधी लावलं, बाकीचे हळूहळू आले. त्यातली चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावर बेतलेली आहे : सुमारे १८ किलोमीटरचा चढ, ३८ अंशांच्या वर तापमान, एसी पूर्ण सुरू, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. चाचणी कडक आहे, म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांना गार ठेवण्याच्या यंत्रणेबद्दल या आकड्यावर विश्वास ठेवता येतो. पण त्या गाडीत प्रत्येकी ६८ किलोची दोनच माणसं धरलेली असतात. तुमची मुलं, हौद्यातलं सामान, सायकली त्यात नाहीत.

त्यामुळे तुमच्यासारख्या गाडीत आधी संपतो तो पेलोड, म्हणजे गाडीने स्वतःच्या पाठीवर घ्यायचं वजन. हिचवरचा भार हा गाडीच्या पाठीवरचाच भार असतो, तो ६८० मधूनच जातो. मोजा : चार माणसं साधारण २६० किलो, हौद्यात जनरेटर वगैरे १२० धरू, हिचचं डोकं आणि बार ४०. झाले ४२०. उरले २६०. आणि २८०० च्या ट्रेलरला बॉलवर किमान २८० हवेत.

म्हणजे पेच असा आहे : हेलकावे थांबवायला भार पुढे आणायचा, आणि पुढे आणला की पेलोड संपतो. ४१०० च्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही. दाराच्या चौकटीत दिसतं.

हिचवरचे दोन्ही आकडे खरे आहेत. बार न लावता बॉलवर २२७ किलोपर्यंत, बार नीट लावून ४५० पर्यंत. तुम्हाला बार लागणारच.

पण अंदाजावर जाऊ नका. वजनकाट्यावर जा.

मुक्तवाट

काट्यावर नेमकं काय करायचं? एकूण वजन मिळेल, पण बॉलवरचं कसं कळणार?

आसभार

दोनदा तोलायचं, दोन्ही वेळा सगळी माणसं, सगळं सामान आणि पूर्ण इंधन घेऊन.

पहिल्यांदा ट्रेलर जोडून, पण बार न लावता : पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, ट्रेलरचे ॲक्सल असे तीन वेगळे आकडे. मग ट्रेलर बाहेर सोडून एकटी गाडी. पहिल्या वेळच्या गाडीच्या वजनातून दुसऱ्या वेळचं वजा करा, उरतं ते बॉलवरचं. ते आणि ट्रेलरच्या ॲक्सलवरचं मिळून पूर्ण ट्रेलरचं वजन.

पुढच्या वेळी घरी पडताळायचं असेल तर एक जुनी युक्ती आहे. भक्कम तुळई घ्या. एक टोक विटेवर, दुसरं तीन फुटांवर माणसांच्या वजनकाट्यावर. ट्रेलरचा जॅक तुळईवर विटेपासून एक फुटावर टेकवा. काट्यावर येईल त्याची तिप्पट म्हणजे बॉलवरचं वजन. (तुळईचं स्वतःचं वजन आधी बघून वजा करा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय यातलं काहीही करू नका.) दुहेरी ॲक्सलचा ट्रेलर जमिनीला समांतर ठेवूनच मोजायचा, नाहीतर आकडा फसवतो.

दीपस्तंभ

चर्चा वजनावर चाललीच आहे तर ब्रेकबद्दल. मुक्तवाट, तुमचा कंट्रोलर गाडी किती जोरात थांबतेय ते ओळखून त्या प्रमाणात ब्रेक लावणारा आहे, की पॅडल दाबल्यावर ठरलेल्या वेळात जोर वाढवत नेणारा? दुसरा असेल तर शक्य तेव्हा पहिल्या प्रकारचा घ्या.

जोर कसा ठरवायचा : मोकळ्या, सपाट, कोरड्या जागेवर भरलेला ट्रेलर घेऊन ताशी ४० च्या वेगाने चला आणि फक्त पट्टीने ट्रेलरचे ब्रेक लावा. चाकं अडकून घासू लागेपर्यंत जोर वाढवत न्या, मग थोडा कमी करा. रोजच्या ब्रेकमध्ये मागून हलकी ओढ जाणवली पाहिजे. धक्का बसला तर जास्त, मागून ढकलल्यासारखं वाटलं तर कमी. ट्रेलर रिकामा झाला की पुन्हा बघा.

आणि ती बारीक तार, जी ट्रेलर सुटला तर पिन खेचून त्याचे ब्रेक लावते. ती साखळीच्याच हुकात अडकवलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. साखळी निसटली तर तीही निसटणार. ती गाडीच्या सांगाड्याला स्वतंत्र अडकवा. तिची बॅटरी ट्रेलरवर असते, पिन ओढून ब्रेक खरंच लागतात का ते वर्षातून दोनदा तरी बघा. सुरक्षेच्या साखळ्या कपलरखाली (कपलर म्हणजे बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) एकमेकींवरून आडव्या घ्या, म्हणजे कपलर सुटलाच तर रस्त्यावर न रुतता त्यांच्या झोळीत पडतो.

नवशिका

बॉलच्या मापाबद्दल कोणी सांगेल का? मला जो ट्रेलर मिळतोय तो जुना आहे.

लोहारकी

माप बॉलच्या माथ्यावर कोरलेलं असतं आणि कपलरवरही. दोन्ही स्वतः वाचा. २ ५/१६ इंचाचा कपलर २ इंचाच्या बॉलवर ठेवला तर बसतो, खटका लागतो, गाडी हलते, सगळं ठीक दिसतं. पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून बाहेर येतो. जुन्या ट्रेलरचा कपलर कधीतरी बदललेला असू शकतो, तेव्हा विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

खटका लावल्यावर आणखी एक गोष्ट. ट्रेलरच्या जॅकने कपलर वर उचला, गाडीचं मागचं अंग सोबत दोन बोटं वर आलं पाहिजे. आलं तर पकड खरी. कपलर एकटाच वर आला तर खटका बॉलच्या वर नुसता बसला होता. हे करायला मिनिटही लागत नाही.

तुरंगी

टायरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ट्रेलरचे टायर झिजून जाण्याआधी वयाने जातात. उन्हात उभे राहतात, महिनोन्महिने फिरत नाहीत, नक्षी नवीकोरी दिसते. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तो बघितल्याशिवाय जुना ट्रेलर घेऊ नका. हवा टायर गार असताना तपासा. हवा कमी असेल तर टायर तापतो, आणि तापलेला टायर फुटताना चाकावरचा पत्राही सोबत नेतो.

थांबलं की प्रत्येक चाकाच्या हबजवळ तळहात न्यायची सवय लावून घ्या, टेकवायचा नाही. चारही सारखेच कोमट लागले पाहिजेत. एक जास्त गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. एकदा असंच एक हब मला हातभर अंतरावरूनच लागलं, आणि त्या दिवशी आम्ही पुढे गेलो नाही.

मुक्तवाट

काट्यावर जाऊन आलो. मुद्दाम त्या प्रवासासारखंच सगळं भरलं : पाणी, सायकली, सगळे जण.

जोडून, बार न लावता : पुढे १४१०, मागे १७३०, ट्रेलरचे ॲक्सल २६५०.
एकटी गाडी : पुढे १४८०, मागे १४६०.

म्हणजे जोडलेली गाडी ३१४०, एकटी २९४०. बॉलवर २००. ट्रेलर २८५०. दोनदा करून पाहिलं, ७ टक्के येतात.

मी आजवर समजत होतो की गाडी अशक्त आहे. घरी येऊन बायकोला कागद दाखवला. ती म्हणाली, मग पाणी आपण पोचल्यावर का भरत नाही?

आसभार

त्यांनी अर्धं काम एका वाक्यात केलं.

टाकी ॲक्सलच्या मध्यापासून साधारण दीड मीटर मागे असेल आणि बॉल पावणेपाच मीटर पुढे. १५० किलो पाणी काढलं की बॉलवर सुमारे ४७ वाढतात. सायकली आणखी मागे, अंदाजे तीन मीटर. ते ८० किलो तिथून काढले की बॉलवर आणखी ५०. दोन्ही मिळून बॉल २०० वरून ३०० च्या जवळ येतो. एवढ्या मागे टांगलेलं ओझं हलकं दिसत असलं तरी ट्रेलर डुलायला लागला की लंबकाच्या टोकावर बसल्यासारखं काम करतं, म्हणून नुसत्या वजनापेक्षाही ते तिथून निघणं महत्त्वाचं.

पण सायकली गाडीच्या हौद्यात टाकू नका, तिथे जागा असली तरी किलो नाहीत. ट्रेलरच्या आत, बरोबर ॲक्सलवर आडव्या ठेवून बांधा. ॲक्सलवरचं वजन बॉलला लागत नाही. हौद्यातलंही जड सामान तिथेच हलवा.

बारचं : ट्रेलर न जोडता पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा. जोडून, बार न लावता मोजा. पुढचं अंग किती उचललं ते कळेल. मग बारची कडी अशी निवडा की त्यातलं किती परत खाली यावं हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढं येईल. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, जास्त ओढलं तर मागचा ॲक्सल हलका होतो आणि तेही वाईट.

मागच्या चाकांवर हवेच्या पिशव्या बसवायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. त्या गाडीचं मागचं अंग उचलतात. पुढच्या चाकांवर भार परत आणत नाहीत आणि दारावरचा ६८० चा आकडाही वाढवत नाहीत. घर्षणाची दांडी नंतर जरूर लावा, ती वाऱ्याचे लहान धक्के शमवते. उलार ट्रेलरवर लावली तर दोष झाकला जाईल आणि तो आणखी वरच्या वेगाला बाहेर येईल.

दीपस्तंभ

उतारासाठी : टो मोड (ट्रेलर ओढताना लावायची गाडीतली सेटिंग) लावा आणि उतार सुरू व्हायच्या आधीच खालच्या गिअरमध्ये या. वेग इंजिनने धरू द्या. वाढलाच तर ब्रेक ठाम लावून वेग चांगला खाली आणा आणि पूर्ण सोडा, पुन्हा लागेल तेव्हा पुन्हा. पाय हलकेच टेकवून ठेवला तर ब्रेक तापून जळका वास येतो आणि घाट संपायच्या आत पॅडल मऊ पडतं. इंजिनचा आवाज मोठा येईल, येऊ द्या. शेजारी बसलेल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरतात.

मुक्तवाट

दोन आठवड्यांनी लिहितोय. टाकी रिकामी, सायकली आत ॲक्सलवर, हौद्यातलं ७० किलो सामान ट्रेलरमध्ये त्यांच्या शेजारी. पुस्तिकेत पुढचा गेलेला भार निम्मा परत आणायला सांगितलंय, त्याप्रमाणे बार. पुन्हा काटा :

एकटी गाडी २८७०. जोडून, बार न लावता ३१७०. बॉलवर ३००, ट्रेलर २७७०, म्हणजे १०.८ टक्के. गाडीची एकूण वजनाची मर्यादा ३२००, तिच्या ३० किलो आत.
बार लावून : पुढे १४२०, मागे १७१०, ट्रेलर २५१०.

पुढच्या चाकांवर आधी बार न लावता १३६५ होतं, आता १४२०. स्टीअरिंगमध्ये ते लगेच कळतं.

काल त्याच रस्त्याने गेलो, ताशी ९० च्या वर गेलो नाही. त्याच उतारावर एक मोठा ट्रक शेजारून गेला. गाडीला एकदा धक्का बसला आणि तेवढ्यावरच थांबलं. मी आरशात बघत राहिलो, ट्रेलरचा कोपरा काही दिसला नाही. धाकटा मागे झोपला होता.

आता एक राहिलंय : मागे घेताना ट्रेलर दरवेळी उलटाच वळतो. अर्धा तास लागतो.

तुरंगी

हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, घड्याळात सहा असतात तिथे. हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे, उजवीकडे नेला की उजवीकडे. अगदी कमी हलवा आणि ट्रेलर वळायला लागला की लगेच हात परत आणा. चुकतंय असं वाटलं तर पुढे जाऊन सरळ व्हा. मागे कोणीतरी उभं करा, पण ते तुम्हाला आरशात दिसेल अशा जागी. ते दिसेनासे झाले की थांबा.